मागे कोरस नसलेली गाणी

पापाकुरा,
१२ जून २००५

ति. सरिताताईस,
स. जयभीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. कामावरून येतो आणि बुटांसकट सोफ्यावर पडून राहतो. फोनवर सांगितलं तेच. अक्षता इराला घेऊन इथून आठ तासांवर, जॉन्सनव्हिलला गेली, आता परत येणार नाही. भांडणसुद्धा झालं नाही गं, दोघंही दमलो होतो. तात्यांना मात्र कळू देऊ नकोस. आईला जाऊन वर्षही झालं नाही, त्यात हे कशाला?

शेजारचे माओरी आजोबा मुलीकडे राहायला गेले. जाताना खोकाभर कॅसेटी माझ्या गळ्यात मारल्या. सगळी जुनी अमेरिकन कंट्री गाणी. आधी हसू यायचं. कुणी तुरुंगात, कुणी ट्रक हाकतोय, कुणाची बायको निघून गेलेली, आणि सगळ्यांना एक गिटार पुरते! माउथऑर्गनवाला एक जण तर सर्दी झाल्यासारखा नाकात गातो. पण एक बाई आहे. ती रडत नाही, भाजी निवडता निवडता सांगावं तसं नुसतं सांगते. परवा डेअरीत दूध-पाव आणायला निघालो होतो, तिच्यापायी गाडी बाजूला घेऊन बसावं लागलं.

निवडक गाण्यांची सीडी पाठवतोय. तात्यांचा जन्म गायन पार्टीत गेला, त्यांना ऐकव.

इराचा रविवारी फोन येतो. मी मराठीत खूप काही विचारतो, ती सगळ्याला इथल्या पोरांसारखं स्वीट ॲज, म्हणजे मस्त, एवढंच म्हणते. फार कंटाळलोय, ताई.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
सुगत

दापोडी, पुणे
३ जुलै २००५

चि. सुगत यास,
अ. आ.

तुझं पत्र तात्यांना वाचून दाखवलं, अक्षताचं गाळून. मग सीडी लावली. तात्या आधी वैतागलेच. याच्या मागे कोरस कुठाय, म्हणाले. गाणाऱ्यानं ओळ सोडली की कोरसनं उचलायची, नाहीतर बिचाऱ्यानं श्वास कधी घ्यायचा? मला, शाळेच्या मुख्याध्यापिकेला, चौथीतल्या पोरीसारखं समजावलं!

त्या बाईच्या गाण्याला मात्र त्यांना राहवेना. इंग्रजी ओ की ठो कळत नाही, पण ओळ संपली की खाटेवर थाप मारून हे मागून सूर धरणार. आई गेल्यापासून पहिल्यांदा गळा उघडला रे. मी आत जाऊन रडून घेतलं.

मग एकदम बंद करायला लावलं. सुगत हे एकटाच बसून ऐकतो का, विचारलं. छे, अक्षता-इरा असतात की, म्हटलं. मला खोटं कधी जमलंय? ताट तसंच ठेवून उठले. आता तूच सांगून टाक बाबा.

असाच जीव लावत राहा.

तुझी,
ताई

दापोडी,
८ जुलै

चि. सुगत यास,
सप्रेम जयभीम.

सरिताला न सांगता लिहितोय. मोतीबिंदूमुळे ओळी एकमेकींवर चढतात, चालवून घे.

लपवलंस म्हणून राग आलाय, तो राहील. पण लेका, घरात बायको-पोर असलेला माणूस असली गाणी गोळा करून बापाला धाडत नाही. तुझी आई गेल्यावर मीही दिवसभर रेडिओ लावून ठेवायचो. सरिताला वाटायचं, तात्या सावरले. घरात कुणीतरी बोलत असावं, एवढंच हवं होतं मला.

अक्षताला मी काही विचारणार नाही, तीही माझी लेकच. इराला मात्र भेटेन.

दोन वर्षं तू ये ये म्हणतोयस आणि मी नको नको म्हणतोय. आता बोलावू नकोस. व्हिसाचे कागद पाठव, मी येतोय.

कळावे. तोवर दोन घास नीट खात जा.

तुझा,
तात्या