आडव्या दांड्याखालून

शोजिरोबाबांच्या चरणी, त्यांच्या धाकट्या मानलेल्या मुलाचा, तोमेझोचा, वाकून नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल चार ओळी लिहायच्या असतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. पण बाबा, मी उजाडायच्या आत खाणीत उतरतो आणि अंधार पडल्यावर वर येतो, तेव्हा ऋतू मला ऐकीव माहितीवर लिहावा लागतो. ओत्सुने म्हणते की बर्फ वितळायला लागलंय. म्हणत असेल तर लागलं असणार, असल्या बाबतीत बायको कशाला खोटं बोलेल. (खाणीत मात्र बाराही महिने ओलाच ऋतू असतो.)

तुमची तब्येत कशी आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही, खरोखर विचारतोय. खोकला किती येतो, कफ कुठल्या रंगाचा पडतो, चढ चढताना दम लागतो का, भात किती वाट्या जातो, हे सगळं तुमच्या मुलीकडून सविस्तर लिहवून पाठवा. सोबत अस्वलाचं पित्त पाठवतोय. तांदळाच्या दाण्याएवढं रोज गरम पाण्यातून घ्या, आणि कडू लागलं म्हणून मुलीची पाठ वळताच थुंकू नका. समुद्रावरचा वारा अंगावर घेऊ नका. फुगु माशाचं विष काढून दिलंय असं शेजारी कितीही शपथेवर सांगू देत, तो मासा तोंडात घालू नका. निदान यंदाचं वर्ष तरी तुम्ही ठणठणीत राहणं फार गरजेचं आहे. का, ते विचारू नका.

आम्ही इथे खुशाल आहोत. ओत्सुनेने धुरावर वाळवलेले मुळे घातलेत, चार तुमच्यासाठी बांधलेत. यासुकेदादा नेहमीसारखाच आहे, म्हणजे सगळ्यांच्या चुका मोजत असतो. तुम्ही आम्हा दोघांना एकाच दिवशी डोंगरदेवीसमोर साकेचा प्याला देऊन मुलगे मानलंत, पण तो प्याला त्याने माझ्याआधी उचलला, त्याचं थोरलेपण अजून चालू आहे. तुम्ही निवृत्त होऊन जाताना केयाकीच्या लाकडाची जी पाटी माझ्याकडे ठेवलीत (तुमच्या हाताने नाव घातलेली, तुमच्या मागे तुमच्या थडग्यावर आम्ही उभी करायची ती), ती दर वर्षी डोंगरदेवीच्या सणाला साकेने पुसून यासुकेदादाला दाखवायची असते, हेही मी विसरलेलो नाही. सण पुढच्या महिन्यात आहे. त्या पाटीबद्दल या पत्रात मी आणखी काही लिहिणार नाही.

आता मुख्य गोष्ट. खाणीत खडकाला भोकं पाडायचं मशीन आलंय. तुम्ही ज्या पश्चिमेच्या बोळात वीस वर्षं छिन्नी-हातोडी चालवलीत, तिथेच ते बसवायचं ठरलं. तो बोळ तुम्हाला माहीतच आहे, उकिडवं बसलं तरी टोपी छताला घासते. मशीनबरोबर एक लोखंडी खांब येतो, तो जमीन आणि छत यांच्यामध्ये आवळून उभा करायचा आणि त्यावर मशीन बसवायचं. पण तो खांब आपल्या बोळापेक्षा उंच निघाला. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी दोन वाट्या भात जास्त खाल्ला.

पण साकाकी साहेब म्हणून नवे इंजिनिअर आलेत, तोक्योला शिकलेले, मिशी अजून सवयीची व्हायचीय. ते म्हणाले, खांब उभा राहत नाही तर आडवा घालू. म्हणजे बोळाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दांडा आडवा धरायचा, त्याच्या एका टोकाला स्क्रू असतो तो फिरवत जायचं, मग दांडा लांबून दोन्ही भिंतींना दाबून बसतो. दांड्याच्या दोन्ही टोकांना दगडाशी लाकडी ठोकळे घालायचे, नाहीतर लोखंड दगडावरून निसटतं. मग मधोमध मशीन लटकवायचं. कल्पना चांगली आहे, कोणीही मान डोलवेल. फक्त त्या मशीनच्या खाली उताणं पडून ते चालवायचं काम माझ्याकडे आलं. मशीनचं वजन ओत्सुनेपेक्षा जास्त आहे. (मोजून पाहिलेलं नाही. ओत्सुनेला विचारायची हिंमत नाही.)

मशीन आत नेतानाच लक्षण दिसलं होतं. मुकादम गोहेई पुढे सरपटत दोरी ओढत होता, मागे मशीन, मशीनच्या मागे मी, आणि माझ्या मागे साकाकी साहेब कंदील घेऊन डावीकडे-उजवीकडे सांगत होते. वळणावर गोहेई अडकला. त्याचं पोट तुमच्या वेळेपेक्षा दुप्पट झालंय. तो पुढे जाईना, मशीनमुळे मागे येता येईना, आणि आम्ही त्याच्या तळव्यांशी बोलत बसलो. अर्ध्या प्रहराने दुसऱ्या बाजूने माणसं आली, त्यांनी त्याला दिव्याचं तेल चोळून बाहेर काढलं. त्यानंतर दिवसभर कोणी त्याच्याजवळ दिवा नेत नव्हतं. तो मला म्हणाला, "हसू नकोस तोम्या, उद्या तू आत असशील आणि मी बाहेर असेन."

तसंच झालं. पाइनचे ठोकळे घातले, दांडा आवळला, मशीन लटकवलं आणि मी खाली निजलो. मशीनला दाबाची हवा देणारी नळी सोडल्यावर बाबा, आवाज असा सुरू झाला की माझे दात माझे राहिले नाहीत. तुम्ही मला काय शिकवलंत? छताला हातोडीने ठोक, कान लाव, डोंगर आधी बोलतो. आता डोंगर काय, गोहेई कानात शिव्या देतो तेही ऐकू येत नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर डाव्या टोकाचा पाइन चिरला होता आणि दांडा दोन बोटं खाली आला होता. मी मशीन बंद करून बाहेर सरपटलो. गोहेई म्हणाला, "थरथरणारच की, मशीन आहे, बुद्धाची मूर्ती नाही." साकाकी साहेबांनी वहीत गणित करून दाखवलं की दांडा पडूच शकत नाही. मी विचारलं, गणित कुठे निजणार, दांड्याखाली की बाजूला? तर गोहेईने मला चिमटा काढला.

बाबा, मला भीती वाटते. सरळ लिहितो, कारण तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही. जेवताना काड्यांतून टोफू निसटतो. खाणीत शिट्टी वाजवायची नाही, टाळी वाजवायची नाही, हे आपण सगळेच पाळतो, पण मी आता वरसुद्धा पाळायला लागलोय. परवा दुकानात दोघांनी हसून एकमेकांना टाळी दिली, तर मी सोयाबीनच्या मिसोच्या पिंपाआड जाऊन बसलो. दुकानदारीणबाईंनी विचारलं, काय हवंय? मी एक शेर मिसो घेऊन आलो. असं दर वेळी होतं, घरात आता तीन पिंपं मिसो झालाय. ओत्सुने म्हणते, भीतीच वाटायची असेल तर तेलाच्या दुकानात वाटू दे, तेल संपलंय.

काम सोड, असं तुम्ही म्हणाल. पण मशीनला नाही म्हणणाऱ्याला वर बायकांबरोबर दगड निवडायला बसवतात. शोजिरोचा मुलगा दगड निवडतो, हे यासुकेदादा तुम्हाला पहिल्या टपालाने कळवेल. तुम्ही खोकत खोकत ते वाचाल. त्यापेक्षा दांडा बरा, असं मला वाटलं.

मग मी एक चांगलं लाकूड मिळवलं. घट्ट, जुनं, बिनगाठीचं. त्याचे दोन ठोकळे केले, दोन्ही टोकांना घातले आणि दांडा आवळला. आता पाच दिवस झाले, तो केसभरही हललेला नाही. साकाकी साहेब म्हणाले, पाहा, मी सांगितलं नव्हतं का. लाकूड कुठून आणलं, असं गोहेईने विचारलं, तर मी म्हणालो, झाडापासून. हे खोटं नाही.

तर असं आहे. वेळेवर जेवा, पित्त घ्या, आणि आईच्या फोटोसमोर माझ्या नावानेही एक उदबत्ती लावा. पत्र लांबलं, पण आवाजात राहून मला हल्ली गप्प बसवत नाही. तुमच्या पायाशी बसायची सवय अजून न सुटलेला,
तोमेझो

ता. क. घाटात चिखल झाल्याने टपालवाला दोन दिवस उतरणार नाही, म्हणून पत्र इथेच पडून आहे आणि माझं मन मला खातंय. तेव्हा लिहूनच टाकतो. ते लाकूड म्हणजे तुमची पाटी.

मी काय करू? अख्ख्या डोंगरावर तेवढं घट्ट लाकूड दुसरं नव्हतं. ओत्सुने दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "जिवंत माणसाची थडग्याची पाटी कापताय, त्यांना विचारलंत का?" मी म्हणालो, विचारलं तर नाही म्हणतील. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं." मी कापतच राहिलो. तुमच्या नावाची तीन अक्षरं होती. 'शो' डाव्या भिंतीला आहे, 'रो' उजव्या भिंतीला. मधलं 'जि' करवतीत गेलं, त्याचा भुसा मी कागदात बांधून देवापुढे ठेवलाय. उताणं पडलं की दोन्ही अक्षरं दिसतात. मशीन गरजत असताना मला डोंगर ऐकू येत नाही, पण मी इकडे 'शो' आणि तिकडे 'रो' वाचत राहतो आणि मग काम थांबत नाही. आता कळलं असेल, तुमच्या कफाचा रंग मी का विचारला.

ता. क. दुसरा. एवढ्यासाठीच खरं तर हे पत्र. तुम्ही मला एक चिठ्ठी पाठवा, तीत लिहा की पाटी कापायला मीच सांगितलं होतं. तारीख गेल्या महिन्याची घाला. यासुकेदादा सणाला पाटी मागेल, तेव्हा मी ती चिठ्ठी साकेने पुसून दाखवीन.

ता. क. तिसरा. चिठ्ठीची गरज उरली नाही. काल दुपारी दांडा पुन्हा आवळायचा म्हणून मी मशीन थांबवलं आणि सवयीने छताला ठोकलं. आवाज पोकळ आला. उठेपर्यंत छतातली अख्खी शिळा सुटून दांड्यावर आली. दांडा माझ्या छातीपासून वीतभर वर होता. तो वाकला, कुरकुरला, पण टोकाचे ठोकळे सुटले नाहीत. मी साताठ श्वास मोजले, तेवढ्यात गोहेईने पाय धरून मला बाहेर ओढलं. (पोट असूनही तो आत आला, हे विसरायचं नाही.) मग सगळंच खाली बसलं, मशीन, दांडा, 'शो' आणि 'रो'. तुमचं नाव आता डोंगराखाली आहे, बाबा. तुमच्या वाटणीचं पुरणं झालं असं मी धरतो, तेव्हा तुम्ही आता निवांत जगा.

यासुकेदादा धावत आला होता. मातीत पडलेली एक ढलपी त्याने उचलली, तीवर 'शो'ची एक रेघ होती. तुमचं अक्षर त्याने लगेच ओळखलं. मी डोळे मिटून उभा राहिलो. त्याने ढलपी बाहीने पुसली. मग हळूच म्हणाला, "अजून उरलंय का? सोमवारपासून पूर्वेच्या बोळात दुसऱ्या मशीनखाली मला निजवणार आहेत." ढलपी त्याने परत दिली नाही.

तेव्हा बाबा, नवी पाटी कराल ती केयाकीचीच करा, लांबीला दुप्पट आणि जाडीला बोटभर जास्त. नाव तुमच्याच हाताने दोनदा घाला. आणि अक्षरं जरा दूर दूर लिहा, म्हणजे या वेळी कापताना मधलं वाया जाणार नाही.