नकाशावरचा मेंढरांचा वाडा

सोमवार, ३ नोव्हेंबर
नंदा, ही वही देताना "आबा, रोज दोन ओळी लिहा" म्हणाली होतीस. दसरा गेला, दिवाळी गेली, आज पहिली ओळ लिहितोय. रागवू नकोस. शाळा चौथीपर्यंत, आणि लिहायचं काय तेच कळेना. आता कारण मिळालं.

नात नंदा काल सांगलीहून आली. खोट्या देशाचा नकाशा आणलाय. पुण्याच्या एक बाई पोरांसाठी राक्षसाची गोष्ट लिहितात, त्यांच्या पुस्तकात लागणार. नंदाचं हे पहिलंच काम. डोंगर, नद्या झाल्यात. वस्त्यांच्या खुणा ठरवायच्या राहिल्यात. शहराला बुरूज, गावाला घरांचा झुबका, वाडीला एकच घर. मेंढपाळांच्या वस्तीला तिनं तंबू काढलाय.
"आमी कवा तंबूत ऱ्हायलो गं?"
"मग कशात?"
काय सांगणार? आभाळाखाली.

बुधवार, ५ नोव्हें.
सुचलं. वाघर काढ म्हटलं. रात्री मेंढरांभोवती लावतो ती जाळी, तिच्या आत आमचा वाडा, म्हणजे तळ. गोल, एका अंगाला उघडा, तिथं चुलीचा ठिपका. नंदाला लय आवडलं. तंबू खोडला.

मग पेन्सिल दिली नि म्हणाली, वाडा कुठं असतो ते दाखवा. मी नदीच्या कडेनं, डोंगराच्या पायथ्यानं खुणा करत गेलो. कळप दिवसभरात किती चालेल, पाणी कुठं मिळेल, सगळं धरून. दिवेलागणीला तिनं बघितलं आणि हसत खालीच बसली.
"आबा, देशाला गोवर उठलाय!"
एक वस्ती एकदाच काढायची म्हणे. आज इथं, उद्या पुढच्या शिवारात, त्यांनी काय करायचं मग?
तिचा कागद मी खराब केला ही काळजी. म्हणते कॉपी आहे. मला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल.

शुक्रवार, ७ नोव्हें.
एकच जागा सांगा म्हणाली. जेवण गेलं नाही. शेवटी सांगितली. नदी वळते तिथं, पलीकडच्या काठाला.
"तिथंच का?"
तिथं वाडा हलला नव्हता म्हणून.

कोरेगावच्या अंगाला, नदीच्या अशाच वळणावर, आम्ही एका बाईच्या रानात मेंढरं बसवली होती. लेंडीखतासाठी बसवतात, एक-दोन रात्री, मग पुढं जायचं. तिचा मुलगा फौजेत, घरात एकटी. तिथंच माझी बायको हौसा बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी मी बिऱ्हाड घोड्यावर लादायला लागलो तर बाई बांधावर येऊन उभी.
"त्या कोपऱ्यात मेंढरं बसलीच न्हाईत. एवढं रान काय तुमचा बा खतवणार हाय?"
रोज नवा कोपरा दाखवायची. रान तर लेंड्यांनी काळं झालेलं. हौसा चालायला लागली तसं बाईचं खत पुरलं.

आमचा भिवा समोर भाकरी खात होता. नंदाचा बाप, पाण्याचा टँकर चालवतो. वाटेवर जन्मला एवढंच त्याला ठाऊक होतं.
"एवढं कवा बोलला न्हाईसा, आबा."
कुणी विचारलं नाही रं. आणि हौसा गेल्यावर मी तरी कुणाला सांगू.
नंदानं तिथं खूण काढली. लहानशी. भिवा हात न पुसताच वाकून बघायला लागला, तिनं त्याला हटकलं.

रविवार, ९ नोव्हें.
सकाळच्या एस.टी.नं नं. सांगलीला गेली. पोचल्याचा फोन आला. बरं.

शुक्रवार, १४ नोव्हें.
नं.चा फोन. बाईंना नकाशा आवडला. पण नदीपलीकडं गोष्टीत कुणी राहतच नाही, ती खूण काढून टाका म्हणतात.
"काढू का, आबा?"
मी लगेच काढ म्हटलं. तिचं काम जायला नको. "बघते," म्हणाली. फोन ठेवला.
काढ म्हणायला नको होतं का? पण मी कोण मधे बोलणारा. बाई शिकलेल्या.

शनिवार, १५ नोव्हें.
भिवाला सांगितलं. टँकर लावून आला होता, तसाच दारात उभा.
"काढ म्हणालासा? माझी जागा हाय ती."
"खोटा देश हाय गड्या त्यो."
"असू दे खोटा. खऱ्या नकाशात तरी कुठं हाय?"
न जेवता झोपला. माझ्याहून मोठा हट्टी, आईवर गेलाय.

सोमवार, १७ नोव्हें.
घरून फोन लागत नाही. नं. कामात असेल. का रागावली? का बाईंनी काम काढून घेतलं? मोबाइल घेऊन टेकाडावर जाऊन आलो, तिथं रेंज असते. वाजतो, उचलत नाही.
भिवानं आज विचारलं, कोरेगावला ती बाई असेल का अजून? कशी असेल, तेव्हाच म्हातारी होती. रान असेल की, म्हणाला. दाखवाल का? दाखवीन म्हटलं. ऊस असेल आता तिथं, ओळखू येईल का कोण जाणे.

शुक्रवार, २१ नोव्हें.
फोन नाही. शेजारच्या सूनबाई उद्या माहेरी सांगलीला निघाल्यात, त्यांच्याकडं ही वही देतोय. दुसऱ्याचं वाचणार नाहीत, चांगल्या आहेत.
नंदा, मी घाईनं काढ म्हणालो. बाईंना एकदा विचारून बघ. गोष्टीत तिथं कुणी राहत नाही हे खरं, पण कुणी रात्रभर थांबून गेलं असेल की. एवढं म्हण. वाद घालू नकोस, कामाला जपून राहा. खूण काढून टाकली असली तरी मला राग नाही, बापालाही मी समजावीन.
फक्त ठेवलीस का काढलीस ते कळव. तो रोज टँकर लावला की आधी माझ्या तोंडाकडं बघतो. लवकर कळव, बाळा.