डॉक्टरांच्या हातची कवळी

अहो डॉक्टर,

काल तुम्हाला पुरलं. अख्खं गाव रडलं. घरोघरी तुम्हीच बसवलेले दात. शेजारची पेत्रोना कॉफीत पाव बुडवत म्हणाली, “नशीब काढलंस, एर्मिनिया! बायकोची कवळी स्वतःच्या हातानं घडवणारा नवरा कुणाला मिळतो गं?”

मी तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत मी मारिंबा वाजवणाऱ्याच्या विनोदावर खळखळून हसले, आणि आठवड्याभरात तुम्ही माझे सगळे दात किडके ठरवून उपटलेत. एकही किडलेला नव्हता. दातांनी ऊस सोलायचे मी!

शवपेटी बंद होण्याआधी ती कवळी तुमच्या कोटाच्या खिशात घातली. आज आरशासमोर मोठ्यानं हसून पाहिलं.

आवाज अजून तोच आहे.

बोळक्या तोंडाची,
एर्मिनिया