मोहाखालची चार पानं

बुधवार, संध्याकाळ

आज मोहाच्या झाडाखालचा पाला जाळला. पाला राहिला तर पडलेली फुलं दिसत नाहीत, म्हणून दरवर्षी जाळतोच. मग आजच मला काय झालं?

मागच्या पावसाळ्यात उन्मळलेला शेजारचा म्हातारा मोह अजून तिथेच पडून आहे. वाळवीनं असा खाल्लाय की बोट घातलं तर आत नुसती काळी माती. त्याच मातीत वीतभर रोप उभं होतं. मोहाचंच. चार पानं. इतकी वर्षं फुलं वेचतेय, पण या जंगलात मोहाचं तरणं झाड पाहिल्याचं आठवत नाही. सगळे म्हातारेच. कसं लक्षात आलं नाही?

सासूबाईंना दाखवलं.

"काऊन पाहून राहिली त्याले? जाळ लवकर. उद्या फुलं पाल्यात हुडकत बसशीन का?"

रोपाभोवतीचा पाला हातानं बाजूला सारला आणि काडी मीच लावली. वारा फिरला. आधी ते पडलेलं खोड पेटलं. मग ती चार पानं.

खोड अजून धुमसत असेल. लुगड्याला धुराचा वास आहे.

उद्या पहाटे मोहाखाली जागा स्वच्छ असेल. एकेक फूल दिसेल. दुसरं काहीच नसेल.