कोटाच्या अस्तरातला कागद

प्रति,
मा. मुख्य न्यायाधीश,
तालुका न्यायालय, दिवाणी शाखा

अर्जदार : पारास्किवा नेआक्शू, वय ६७ वर्षे, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, मु. व्हल्चेलुशा, ओल्तेनिया

विषय : शेजारी दिवंगत तुदोसे यांना ज्या कोटात पुरले त्या कोटाच्या डाव्या अस्तराची शिवण उसवून आतील कागद मिळणेबाबत, तसेच सरकारी खर्चाने वकील मिळणेबाबत.

संदर्भ : १) राहत्या घराचा दावा, वादी श्री. दोरू गोगोने, पुढील तारीख २ डिसेंबर.
२) आपल्या न्यायालयातील मोफत सल्ला खिडकीवर मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. मी वर सही करणार होते, पण कारकुनाने सांगितले की सही खाली असते. तरी उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, मी मौजे व्हल्चेलुशा येथील दोन खोल्यांच्या घरात दिवंगत इलारिये गोगोने यांच्यासोबत सव्वीस वर्षे राहिले. इलारिये गेल्या फेब्रुवारीत अंगणात लाकडे रचता रचता खाली बसले ते उठले नाहीत. घर त्यांच्या नावावर आहे. त्यांना मूलबाळ नाही. एक भाऊ आहे, वादी दोरू, तो बावीस वर्षे इटलीत असतो आणि अंत्यविधीला आला नाही.

२. आमचे लग्न नोंदवलेले नाही, हे मी लपवत नाही. सव्वीस वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही दोघे धुतलेले कपडे घालून ग्राम कार्यालयात गेलो होतो. तो नाताळाआधीचा, इग्नातचा आठवडा होता. गावात घरोघर डुकरे कापली जात होती आणि नोंदणी कारकून मेव्हण्याकडे डुकराचे पाय धरायला गेला होता. दारावर चिठ्ठी होती, ‘सोमवारी या’. इलारिये म्हणाले, "सोमवारी येऊ गं, कुठे पळून चाललोय?" सोमवारी बर्फ पडले. पुढे ते राहून गेले. गावाने मला त्यांची बायको म्हटले, मीही म्हटले, आणि कारकून स्वतः दर ईस्टरला आमच्याकडे येऊन ‘वहिनी, अंडी छान रंगवलीत’ म्हणून जायचा. त्याने तरी आठवण करून द्यायची होती.

३. जूनमध्ये दोरू आला. पहिल्या दिवशी मला "वहिनी" म्हणाला, माझ्या हातचे, कोबीच्या पानात खिमा गुंडाळून केलेले सार्माले सात खाल्ले आणि डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी तालुक्याला वकिलाकडे जाऊन आला. आल्यावर म्हणाला, "बाई, मी तुम्हाला घालवत नाहीये. हिवाळ्याच्या आत चावी द्या म्हणजे झालं." वहिनीची बाई व्हायला एक दिवस आणि एक वकील लागला. मीही तेव्हाच वकिलाकडे जायला हवे होते. पण आमच्याकडे वकिलाकडे जाणारा माणूस भांडकुदळ समजला जातो, आणि मला या वयात नाव खराब करून घ्यायचे नव्हते.

४. म्हणून मी भल्या माणसांना विचारले. केस कापणारी फ्लोआरेआ म्हणाली, "दहा वर्षं एका छपराखाली राहिलं की लग्न आपोआप होतं. तुझी तर अडीच लग्नं झाली!" औषधाच्या दुकानातल्या बाईंनी विचारले, विजेचे मीटर कोणाच्या नावावर आहे? माझ्या, असे मी सांगितले. "मग झालं तर, ज्याचं मीटर त्याचं घर." सकाळच्या बसचा ड्रायव्हर एकदा साक्षीदार म्हणून आपल्या न्यायालयात येऊन गेलेला, त्यामुळे त्याचा शब्द आम्ही मानतो. तो म्हणाला, "नोटीस हातात घ्यायचीच नाही, मावशी. तुम्ही घेतली नाहीत तर खटला पुढे सरकत नाही." मी घेतली नाही. पोस्टमनने ती फाटकावर चिकटवली. मी तिला हात लावला नाही, रोज दुसऱ्या बाजूने मान वळवून फाटक उघडले. उत्तर द्यायची मुदत अशा रीतीने फाटकावरच संपली. सदर नोटीस पावसात भिजली होती, ती वाळवून सोबत जोडली आहे.

५. आता मूळ मुद्दा. दोन वर्षांपूर्वी इलारिये मला म्हणाले होते, "घराचं लिहून ठेवलंय तुझ्या नावे. नीट जागी आहे." जागा कुठली ते सांगितले नाही. मी विचारले असते तर म्हणाले असते, तू साफसफाई करताना फेकून देशील. मी मेल्या माणसाशी भांडू इच्छित नाही, परंतु त्यांनी मला सांगायला हवे होते. जून ते सप्टेंबर मी घर उलटे केले. गादी उसवली, पिठाचा डबा चाळला, संतांच्या तसबिरीमागचा खिळा उपटला. काही मिळाले नाही.

६. सप्टेंबरअखेर आमच्या गावचा शिंपी पेत्राके मुलीकडून, स्पेनहून, परत आला. मला फाटकाशी रडताना पाहून विचारपूस केली आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, तो कागद तर मीच शिवला ना! त्याच्या काळ्या कोटाच्या अस्तरात, डाव्या अंगाला, छातीपाशी. म्हणाला, कोट माझ्याआधी कुठे जात नाही." शिंप्याने कागद वाचलेला नाही. घडी घातलेला होता आणि त्याच्याजवळ चष्मा नव्हता.

७. महोदय, तो कोट घरात नव्हता. माणूस जाऊन चाळीस दिवस झाले की आम्ही त्याच्या नावाने जेवण घालतो आणि त्याचे कपडे, ताट, मेणबत्ती गरजूला देतो, म्हणजे तिकडे त्याला ते मिळते. मी शेजारी तुदोसे यांना तो कोट दिला, कारण त्यांच्याकडे अंगाला टोचणारे एक जुने जाकीट सोडून काही नव्हते. "इलारियेच्या आत्म्यासाठी घ्या," असे मी म्हणाले. "देव त्याला देवो," असे ते म्हणाले. या दोन वाक्यांनंतर ती वस्तू परत मागता येत नाही. मागितली तर तिकडे माणूस उघडा पडतो, असे सगळे मानतात, मीही मानते. मेमध्येसुद्धा तुदोसे तो कोट घालून अंगणात बसत आणि मला हाक मारून म्हणत, "पारास्किवा, तुझ्या माणसाला सांग, ऊब आहे बरं का!"

८. तुदोसे ऑगस्टमध्ये वारले. त्यांच्या पत्नी वेता यांनी त्यांना त्याच कोटात पुरले, कारण दुसरा चांगला कपडा नव्हता. येथे मला एक गोष्ट सांगणे भाग आहे. तो कोट त्यांना मी स्वतः चढवला. बटणेही मीच लावली. डाव्या बाजूला हाताला काहीतरी कडक लागले होते. मला वाटले, खांद्याची भर खाली सरकली असेल. मी वरून हात फिरवून ते सपाट केले. घर माझ्या तळहाताखाली होते आणि मी त्याची सुरकुती काढली. तेव्हापासून मला हा हात नको झाला आहे.

९. ऑक्टोबरात मी धर्मगुरूंकडे गेले. ते म्हणाले, सात वर्षांच्या आत कबर उघडत नाहीत. ग्राम कार्यालयाने आरोग्य खात्याकडे पाठवले, आरोग्य खात्याने विचारले मयताला संसर्गजन्य रोग होता काय, आणि नव्हता म्हटल्यावर आपल्याकडे पाठवले. मी वेतालाही विचारले. ती चुलीपाशी मिरच्या भाजत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझा म्हातारा जन्मभर कुडकुडला. आता कुठे गरम झालाय, आणि तू त्याचा कोट काढायला निघालीस?" आम्ही सव्वीस वर्षे एका विहिरीचे पाणी प्यायलो. ती आता माझ्याआधी पाणी भरून जाते.

१०. शेवटी गेल्या महिन्यात मोफत सल्ला खिडकीवर गेले. प्रत्येकाला दहा मिनिटे असतात. वकील बाई वयाने लहान पण बोलण्याला सरळ होत्या. त्यांनी सहा मिनिटांत सांगितले की सव्वीस वर्षे एकत्र राहून लग्न आपोआप होत नाही, मीटरने घर मिळत नाही, फाटकावर लावलेली नोटीस मिळाली असेच धरतात, आणि इच्छापत्र इलारियेंच्या हातचे, तारीख आणि सही असलेले, डोळ्यांसमोर पाहिजे. तारीख नसेल तर कागद सापडूनही उपयोग नाही. मग म्हणाल्या, "जूनमध्येच आला असतात तर काही करता आलं असतं हो. अजून चार मिनिटं आहेत, काही विचारायचंय?" मी ती चार मिनिटे त्यांच्यासमोर बसून राहिले. त्यांनीही मला उठवले नाही. आता विचार करते तर इलारिये कधीच कशावर तारीख घालत नसत. लोणच्याच्या बरण्यांवरसुद्धा मीच घालायचे.

११. तरी नम्र विनंती की, २ डिसेंबरच्या आत मला एक वकील द्यावा, ज्याला मी घाबरणार नाही. तसेच योग्य त्या माणसांसमोर कबर उघडून केवळ डाव्या बाजूची शिवण एक वीत उसवण्याची परवानगी मिळावी. कोट काढू नये. वेताला तसे लेखी द्यावे. शिवण मी स्वतः जागेवर परत घालीन, माझी नजर अजून शाबूत आहे. कागदावर तारीख नसली तर मला तसे तिथेच सांगू नये, घरी आल्यावर सांगावे, जोवर ते घर आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, नम्र,

(सही) पारास्किवा नेआक्शू
दि. १४ नोव्हेंबर

सोबत :
१) नोटीस, वाळवलेली.
२) शिंपी पेत्राके यांचे लेखी म्हणणे.
३) गावातल्या एका बारशाच्या जेवणातील फोटो. इलारिये कोटात, शेजारी मी.
४) काळ्या दोऱ्याचा तुकडा, कोटाच्या रंगाशी जुळवलेला.

छापील नमुन्यातील रकाना, अर्जदाराचे मयताशी नाते :
मयत तुदोसे : शेजारीण.
मयत इलारिये : हा रकाना कोरा ठेवला आहे. खिडकीवर सांगितले की कोरा ठेवल्यास अर्ज परत येतो आणि कायद्याप्रमाणे ‘काही नाही’ असे लिहावे. ते माझ्या हाताने लिहवत नाही. कृपया आपण भरावे.