शून्यावरचा काटा

मंगळवार, कार्तिक वद्य पंचमी. रामघाट.

पिकअपचा वेग दाखवणारा काटा आठवडाभर शून्यावर पडून होता. मी हट्टानं आधी मीटरच बदलला, मूर्खपणा. आज मिस्त्री गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "पंडितजी, मीटर ठीक है, गिअरबॉक्स का सेन्सर गया!" काढला तर टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला. नवा बसवला, काटा उठला.

सुमन शेजारी बसली की रस्ता नाही, तो काटाच बघायची. चाळीसच्या पुढे गेला की, "अहो, हळू." चैत्रात ती गेली, आणि या हिंदी मुलखात आमच्या घरातलं मराठी बोलणंही.

परतताना रिंगरोडवर मुद्दाम साठ केले. मग सत्तर. कशासाठी? शेजारची सीट गप्पच. शेवटी मीच मोठ्यानं म्हणालो, "अहो, हळू."