आळीपाळीचं रडणं

पावसजवळची आपली वाडी,
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप गोदा वन्संना,

काशीचा नमस्कार. पायावर डोकं ठेवते असं लिहायची पद्धत आहे, म्हणून ठेवलं असं समजा. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा यंदा कागदावरच.) तुमचा खोकला गेला का, भावोजींची साखर किती, मुरुडच्या नव्या घराला पावसात ओल आली का, सून नीट वागते का, हे सगळं एका दमात विचारून टाकते. एकेक विचारत बसले तर मूळ गोष्ट राहील. इकडे सगळे बरे. तुमचे बंधू बरे, म्हणजे जेवतात आणि बोलत नाहीत. लावणी संपली, पाठ मोडली, गाय व्याली, पाडी झाली. झालं क्षेमकुशल.

पत्र बघून नवल वाटलं असेल. गेल्या गौरीपासून आपण बोललो नाही, अकरा महिने होतील. चूक कोणाची ते मी लिहिणार नाही. (माझी.) फोन का नाही केलास म्हणाल, तर केला होता. वर्षभरात तीनदा कोणीतरी फोन करून, तुमचं "हॅलो, कोण बोलतंय" ऐकून गप्प ठेवून दिला असेल. ते लोकांना फसवणारे चोर नव्हते. मी होते, दीपालीच्या फोनवरून. तुमचा आवाज आला की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. आणि चिकटली नसती तर भलतंच बोलली असती, तुम्ही ओळखता मला. कागदाचं बरं असतं. चौथी शिकलेल्या बाईला एकेक अक्षर काढेपर्यंत रागालाही कंटाळा येतो. अक्षर लागलं नाही तर सुनेकडून वाचून घेऊ नका. हळूहळू वाचा, पण स्वतः वाचा.

आता हे पत्र लिहायची बुद्धी कुठून आली ते सांगते. जूनमध्ये वाडीत श्रद्धा नावाची एक मुलगी आली, पुण्याची, चष्मेवाली, पाठीवर ही एवढी पिशवी. दीपालीच्या माडीवर राहायची. (दीपाली म्हणजे आमच्या बचत गटाची सचिव, तुम्ही हिच्या डोहाळजेवणाला होतात.) तर ही श्रद्धा मनावर संशोधन करते. बायकांना राग येतो, रडू येतं, जीव घाबरतो, तेव्हा बायका त्याचं काय करतात, कसं आवरतात, आवरलं की बरं वाटतं की आणखी वाईट, हे तिला मोजायचंय. गंगुबाईने पहिलाच प्रश्न टाकला, "गोळ्या देणार की नुसतंच विचारणार?" नुसतंच विचारणार म्हटल्यावर म्हातारी उठून निघालीच होती, पण चहा झाला नव्हता म्हणून बसली.

गटातल्या आम्हा अकरा जणींना तिने एकेक वही दिली. पानावर दहा तोंडं छापलेली. पहिलं ढसाढसा रडणारं, दहावं दात काढून हसणारं, आणि मधली आठ पोट साफ न झाल्यासारखी. सकाळ, दुपार, संध्याकाळ आपलं मन कुठल्या तोंडासारखं आहे त्याला गोल करायचा आणि शेजारी कारण लिहायचं. असे चौदा दिवस. आणि चौदा दिवस कुठले, तर ऐन लावणीचे! ढोपरभर चिखलात वाकलेल्या बाईने मन शोधायचं कुठे? वही टांगली खुंटीला, विसरले. सगळ्याच विसरल्या.

तेराव्या दिवशी गटाची सभा. दीपाली म्हणाली, बायांनो, परवा ती वह्या न्यायला येणार. मग आम्ही काय केलं, तर जे नेहमी करतो तेच केलं. सभेचं इतिवृत्त आपण सभेच्या आधी लिहून ठेवतो, तशी सगळ्यांची चौदा दिवसांची मनं एका बैठकीत भरायला घेतली. आधी सगळ्यांनी दहावं तोंड गोल केलं. दीपाली म्हणाली, असं नको, खोटं वाटेल, थोडं रडणंही पाहिजे. पण सगळ्या रडल्या तर पुण्यात वाडीची अब्रू जाईल. तेव्हा रोज एकीने रडायचं, बाकीच्यांनी सहावं-सातवं तोंड धरायचं. रडायचं कोणी, तर गटाच्या रजिस्टरात नावं आहेत त्या क्रमाने. न्यायाचं काम. लगेच भांडणं सुरू. चिमाच्या वाट्याला रविवार आला तर ती म्हणे, "त्या दिवशी माझा मुलगा मुंबईहून आला होता गो, मी कशाला रडू? माझा मंगळवार कर." गंगुबाई म्हणे, "मला सुनेचा राग रोजचाच आहे, माझे चौदाच्या चौदा रागात घाला, उगाच खोटं नको." सून समोरच बसलेली. तिनेही सासूचं बघून पेन उचललं.

बरं, बायका अकरा आणि दिवस चौदा. तीन रडणी उरली. ती कोणी घेईना. तर चिमा काय म्हणते, "काशीला द्या, तिला काय फरक पडतो? ती हसली तरी भांडल्यासारखीच दिसते." आणि सगळ्या हसल्या, दहाव्या तोंडासारख्या. मला असा राग आला म्हणता! आणा इकडे, म्हटलं, रडते मी सगळ्या वाडीचं. स्वतःचं एक आणि ही तीन, अशी चार रडणी पदरात घेतली. आता प्रत्येकाला कारण हवं. बाकीच्यांनी लिहिलं, दूध नासलं, पाय मुरगळला, मालिकेत बाई मेली. मी पहिल्याला लिहिलं "डोकं दुखलं". दुसऱ्याला "दाढ". तिसऱ्याला काही सुचेना. सगळ्या आवर आवर म्हणून मागे लागलेल्या, कुकर लावायचा होता, आणि वन्सं, हाताने आपोआप लिहिलं, "वन्सं येणार नाहीत." चौथ्यालाही तेच लिहिलं. नवीन शोधायचा कंटाळा आला.

वह्या गेल्या. दोन दिवसांनी श्रद्धा दारात उभी, चेहरा एवढासा. ओटीवर बसली, अकरा वह्या ओळीने मांडल्या आणि म्हणाली, "काकी, या वाडीत रोज एकच बाई रडते, तीही नंबराने." आधी हसली, मग हसता हसता रडायलाच लागली. सर काय म्हणतील, महिना फुकट गेला, आता हे सगळं परत. मी म्हटलं, "रडतेस काय? तुझं स्वतःचं कितवं तोंड चाललंय ते सांग आधी! जेवलीस का?" जेवली नव्हती. गुरगुट्या भात, वर तूप, बाजूला आंब्याचं लोणचं, असं समोर ठेवलं. खाल्लं आणि परत रडली. आठ महिन्यांत गावी आईकडे गेली नाही म्हणे, वेळच नाही. बघा, जगाची मनं मोजत फिरते आणि हिचं मोजायला कोणी नाही. मी चांगली झाडली तिला. तिथल्या तिथे आईला फोन लावायला लावला. (दुसऱ्याचे फोन मला बरोब्बर लावता येतात.)

ताट धुता धुता ती म्हणाली, "काकी, या सगळ्यात दोनच ओळी खऱ्या दिसतायत. वन्सं कोण?" मी म्हटलं, तुला काय करायचंय. पण मुलगी चिवट. तेव्हा सांगितलं सगळं. गेल्या गौरीला तुम्ही घावनाचा तुकडा घाटल्यात बुडवलात आणि सहज म्हणालात, "काशे, आमचा विनीत पुढल्या वर्षापासून मुरुडला गणपती आणणार, गौरीही तिथेच. आता इकडे येणं नाही जमायचं." आणि मी काय म्हणाले? "बरं झालं, तेवढे चार नारळ वाचतील." पंगतीत! तुम्ही हात तसाच ताटात धरून माझ्याकडे बघितलंत. मग हात धुतलात, पिशवी भरलीत, आणि दुसऱ्या दिवशीची गाडी पहिल्या दिवशीच धरलीत. तुमच्या बंधूंनी चार दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. मीही दिला नाही, तो भाग वेगळा.

श्रद्धाने सगळं ऐकलं आणि विचारलं, "राग यायच्या आधी काय आलं होतं, काकी?" मी म्हटलं, "आधी घावनं आली." ती हसली नाही. म्हणाली, राग बरेचदा दारात पुढे उभा राहतो, त्याच्या मागे कोणीतरी लपलेलं असतं. सावकाश बघा. मी म्हटलं, माझ्या मागे वासरू हंबरतंय, तू जा. गेली. पण वन्सं, ती गेल्यावर गोठ्यात बसून बघितलं. तुम्ही "नाही जमायचं" म्हणालात तेव्हा आधी राग नव्हताच आला. विहिरीत कळशी सोडावी आणि दोर हातातून सुटावा, तसं पोटात झालं होतं. खाली कुठेतरी बुडूक वाजलं, बस्स. राग मग आला, धावत, मी त्याला हाक मारली म्हणून.

कारण या घरात माझी बाजू घेणाऱ्या तुम्ही पहिल्या. एकोणीस वर्षांची आले मी इथे. पहिल्या गौरीला माझी घावनं तव्यावर फाटली, एक नाही, सगळीच, आणि सासूबाई "हे कोणी केलं" म्हणत चुलीशी आल्या, तेव्हा तुम्ही पिठाचे हात पुढे करून "मी" म्हणालात. शिव्या तुम्ही खाल्ल्यात. मी तुमच्याशी त्या दिवशी काही बोलले नाही. पुढे तेहतीस वर्षंही त्याबद्दल काही बोलले नाही. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. श्रद्धा म्हणते, माणसांना ठाऊक नसतं, सांगावं लागतं. मोठी संशोधनं करून एवढंच हाती लागलं तिच्या, पण लागलं खरं.

तिने उपायही दिलेत. राग आला की दहा आकडे मोजायचे. तुमच्या बंधूंवर करून बघितला, तीनपर्यंत पोचते. दुसरा उपाय, श्वास सावकाश सोडायचा. त्याने झोप लागते, काम राहतं. तिसरा उपाय म्हणजे हे पत्र. ज्याच्यावर राग आहे त्याला सगळं लिहायचं आणि पाठवायचं नाही. फाडायचं किंवा ठेवून द्यायचं. एवढं लिहून पाठवायचं नाही? शिकलेली माणसं कधी कधी कमाल करतात. मी पाकीट आणून ठेवलंय. आणि माझा तुमच्यावर राग नाही, हे मला तिसऱ्या पानावर कळलं, तोवर एवढं लिहून झालं होतं.

तर वन्सं, मी चुकीचं बोलले. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून वेळ लागला, मध्ये दोनदा गोठ्यात जाऊन आले. भावोजींना नमस्कार, विनीतला आशीर्वाद. तुम्हाला काय, ते वर लिहिलंच आहे.

तुमची भावजय,
काशी

ता. क. एक राहिलंच. संशोधनाला आणखी एक कागद लागतो. आपल्याला सगळ्यात जवळून ओळखणाऱ्या माणसाने तो भरायचा. ही बाई किती चिडते, चिडल्यावर कशी शांत होते, असले प्रश्न आहेत. बाकीच्यांनी नवऱ्यांची नावं दिली. मी तुमचं दिलं. तुमचे बंधू रागावले नाहीत, उलट सुटल्यासारखे दिसले. तर तो कागद इथे येऊन, माझ्यासमोर बसूनच भरावा लागतो, असा सक्त नियम आहे. श्रावण संपेपर्यंत श्रद्धा इथेच आहे, तोवर कधीही चालेल. दापोलीहून सकाळची गाडी धरा. गौरीला येऊ नका. तुमच्या घरची पहिली गौर आहे, ती सोडून यायचं नाही, मी दारातून परत पाठवीन.

ता. क. दुसरा. असा काही नियम नाही. तो कागद फोनवर पाच मिनिटांत भरतात, आणि श्रद्धा परवाच गेली पुण्याला. तरी या.